साखर आहे, मग बिब्बा कोणी घातला?

समोर दोन फ्लास्क आहेत असं समजा. एकात ग्लुकोजचं साधं पाणी, दुसऱ्यात लाकूड फोडून काढलेलं साखरपाणी. साखरेचं माप दोन्हीत सारखं, पीएच सारखा, तापमान ३० अंश, यीस्टही एकाच पुडीतलं. पहिल्या फ्लास्कला थोड्याच वेळात फेस येतो, ताडी आंबल्यासारखा वास सुटतो, दुसऱ्या दिवशी साखर संपलेली असते. दुसऱ्यातलं पाणी कोऱ्या चहासारखं तपकिरी. वास थोडा धुराचा, थोडा व्हिनेगरचा. यीस्ट तळाशी ढिम्म. साखर मोजावी तर जवळजवळ होती तेवढीच. पान वाढलंय, पाहुणा पाटावर बसलाय, पण घास काही उचलत नाही.

अशा वेळी आपण विचारतो, यात बिब्बा कोणी घातला? तो बिब्बा कोणता आणि तो काढायला कुजक्या ओंडक्यावरच्या बुरशीची मदत कशी घेतात, ते या लेखात सांगायचंय. पुढे खराखुरा बिब्बाही येणार आहे. तो ओढूनताणून आणलेला नाही, त्याचं या गोष्टीशी नातंच आहे.

लाकूड म्हणजे कुडाची भिंत

लाकडापासून अल्कोहोल काढतात म्हटलं की ऐकणाऱ्याला चेष्टा वाटते. पण लाकडाचा निम्म्याहून जास्त भाग साखरच आहे, फक्त ती एकमेकींत घट्ट ओवलेली आहे. कोकणात किंवा मावळात कुडाची भिंत पाहिली असेल तर हे पटकन डोळ्यांसमोर येईल. उभ्या कारव्या म्हणजे सेल्युलोज: ग्लुकोजच्या लांबच लांब माळा, एकमेकींना चिकटून ताठ उभ्या. कोरड्या लाकडाच्या वजनात त्यांचा वाटा साधारण ४० ते ४५ टक्के. कारव्यांना बांधून ठेवणारा काथ्या म्हणजे हेमिसेल्युलोज. त्यात झायलोज, मॅनोजसारख्या वेगवेगळ्या साखरा असतात. आणि वरून दिलेलं शेणमातीचं लिंपण म्हणजे लिग्निन. ते साखरेचं नसतं, बेंझिनच्या कड्या एकमेकींत अडकून झालेलं असतं. भिंतीला वाळवी, पाऊस, कीड लागू नये ही त्याची जबाबदारी, आणि ती ते चोख बजावतं.

आपल्याला हवी आहे कारवी. ती मिळवायची तर भिंत पाडावी लागते.

ही पाडापाडी जुनी आहे. हेन्री ब्राकोनो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १८१९ मध्ये चिंध्यांवर गंधकाम्ल ओतून साखर काढून दाखवली होती. स्वीडनमध्ये १९०९ पासून कागदाचा लगदा करताना उरणाऱ्या द्रवातली साखर आंबवून अल्कोहोल काढत. आज साधारण असं करतात: लाकडाच्या चिपांना थोडं ॲसिड लावायचं, दाबाच्या भांड्यात २०० अंशांच्या आसपासच्या वाफेवर काही मिनिटं धरायचं आणि दाब एकदम सोडायचा. लिंपण फुटतं, काथ्या विरघळतो, कारव्या उघड्या पडतात. मग सेल्युलेज नावाची एन्झाइम टाकून त्या माळांचे मणी सुटे करायचे. एन्झाइमला पाठ्यपुस्तकात ‘विकर’ म्हणतात, पण बोलताना तो शब्द मी कुणाच्या तोंडून ऐकलेला नाही, त्यामुळे एन्झाइमच म्हणतो. या सगळ्या खटाटोपातून जे साखरपाणी हाती येतं त्याला हायड्रोलायसेट म्हणतात.

आता गुऱ्हाळ आठवा. काहिलीखालचा जाळ जरा जास्त झाला की रस करपतो, गूळ काळपट होतो, चवीला कडसर. साखर, आम्ल आणि उष्णता एकत्र आली की हे व्हायचंच. इथे तर काहिलीच्या कितीतरी वरचं तापमान आणि वर ॲसिड. काथ्यातल्या झायलोजचं फुरफुराल होतं. ग्लुकोजचं हायड्रॉक्सीमिथाइल फुरफुराल होतं, ज्याला सगळे एचएमएफ म्हणतात. मध जास्त तापवला की तेच वाढतं, म्हणून मधाच्या तपासणीत ते मोजतात. काथ्याला चिकटलेले ॲसिटाइलचे तुकडे सुटतात, त्यांचं ॲसिटिक ॲसिड होतं. फ्लास्कमधला व्हिनेगरचा वास तो. आणि फुटलेल्या लिंपणाच्या कपच्या पाण्यात पडतात. या कपच्या म्हणजे फेनॉल गटातले लहान लहान रेणू: व्हॅनिलिन, सिरिंगाल्डिहाइड, कोनिफेरिल आल्डिहाइड आणि त्यांची भावकी.

व्हॅनिलिन म्हणजे आइस्क्रीममधल्या व्हॅनिलाच्या वासाचंच. कागद गिरण्यांच्या द्रवातल्या लिग्निनपासून ते वर्षानुवर्षं बनवत आले, नॉर्वेत आजही स्प्रूसच्या लाकडापासून बनवतात. आपल्याला सुवास, यीस्टला जाच.

कोण कसा छळतो

ॲसिटिक ॲसिडचा डाव आधी बघू, कारण तो सगळ्यात बनेल आहे. पाण्यात त्याचे काही रेणू प्रोटॉन सोडून विद्युतभारित होतात, काही अख्खे राहतात. भारित रेणूंना यीस्टच्या पेशीचा पडदा आत घेत नाही, अख्खे मात्र सहज शिरतात. आत वातावरण फारसं आंबट नसल्यामुळे तिथे गेल्यावर ते प्रोटॉन सोडतात. पेशी आतून आंबट व्हायला लागते आणि जी ऊर्जा वाढीसाठी वापरायची ती प्रोटॉन बाहेर उपसण्यात जाते. घरात पाणी शिरलंय आणि सगळं घर बादल्या घेऊन उभं, असं. स्वयंपाक कोण करणार? गंमत म्हणजे हेच ॲसिड थोडंसं असेल तर इथेनॉलचा उतारा उलट किंचित वाढतो, कारण पेशी स्वतःची वाढ आवरती घेते आणि साखर इथेनॉलकडे वळवते.

फुरफुरालला यीस्ट स्वतःच निस्तरतं. त्याचं कमी त्रासाच्या अल्कोहोलात रूपांतर करतं, पण तोवर बाकीची कामं थांबवून ठेवतं. त्यामुळे सुरुवातीचा बराच वेळ काहीच घडत नाही असं वाटतं, आणि मग एकाएकी फेस येतो.

राहिले फेनॉल. ते प्रमाणाने थोडे, पण प्रकारांनी उदंड. त्यांचा स्वभाव समजायला प्रयोगशाळेत जायला नको, मिसळणाचा डबा पुरे. लवंगेतलं युजेनॉल फेनॉल, ओव्यातलं थायमॉल फेनॉल. धुरी दिलेली मासळी टिकते तीही बरीचशी लाकडाच्या धुरातल्या फेनॉलमुळे. जंतूंना हे पदार्थ मानवत नाहीत, कारण ते तेलकट पडद्यात घुसतात आणि पडदा गळका करतात. झाडाने आपलं लिंपण अशाच घटकांचं केलंय हा काही योगायोग नाही. आणि आपण ते लिंपण फोडून त्याच पाण्यात यीस्ट नावाची बुरशी सोडतो, वर म्हणतो, खा.

चुना लावण्याचा उपाय

चुना लावणे याचा मराठीतला अर्थ बाजूला ठेवा. लाकडाच्या साखरपाण्याला खरोखरच चुना लावतात. गुऱ्हाळातही रस निवळायला चुना घालतातच. इथे पीएच १० च्या आसपास जाईल इतका चुना घालायचा, तळाशी बसलेलं जिप्सम काढून टाकायचं आणि मग यीस्टला मानवेल इतका पीएच पुन्हा खाली आणायचा. अमेरिकेतल्या मॅडिसन इथल्या वन-उत्पादन प्रयोगशाळेतून लिओनार्ड आणि हायनी यांनी १९४५ मध्ये लाकडाच्या साखरेसाठी ही रीत मांडली. उपाय स्वस्त आहे आणि चालतो. पण जिप्समचा ढीग पडतो, आणि हात जरा जड झाला की चुना साखरही खातो. ज्या साखरेसाठी एवढा खटाटोप केला तीच.

कोळशाच्या भुकटीतून गाळणे, आयन-एक्स्चेंज रेझिनच्या नळीतून सोडणे, उकळून वाफेबरोबर फुरफुराल उडवून लावणे, असे आणखीही मार्ग आहेत. त्यातल्या बहुतेकांचा झाडू मोठा आहे. चांगलं-वाईट एकत्रच झाडलं जातं, आणि नेमका कुठला कचरा गेल्यामुळे घर स्वच्छ झालं ते कळत नाही. हे शेवटचं वाक्य लक्षात असू द्या.

ओंडक्यावरची बुरशी आणि जपानी झाडाचा चीक

पावसाळ्यात जुन्या ओंडक्यावर पंख्यासारखी, तपकिरी-करड्या पट्ट्यांची कडक बुरशी उगवते. त्यातलीच एक ट्रॅमेटिस व्हर्सिकलर, पट्ट्यापट्ट्यांच्या शेपटीसारखी दिसणारी. ती ज्या लाकडावर वाढते ते पांढरं आणि तंतुमय होत जातं, म्हणून तिच्या गोताला पांढऱ्या कुजीच्या बुरश्या म्हणतात. कोकणात फणसाच्या खोडावर येणारा फणसोंबाही याच गोतातला. लाकडाचं तपकिरी लिंपण पचवणं भल्याभल्यांना जमत नाही, ते यांना जमतं. त्यासाठी त्या अंगातून जी एन्झाइम बाहेर सोडतात त्यातली दोन आपल्या कामाची: लॅकेज आणि लिग्निन पेरॉक्सिडेज. पेरॉक्सिडेजला चालायला हायड्रोजन पेरॉक्साइड पुरवावं लागतं. लॅकेजला नुसती हवा पुरते. म्हणून पुढे लॅकेजबद्दलच बोलू.

लॅकेज पहिल्यांदा सापडलं ते बुरशीत नव्हे, जपानमध्ये एका झाडाच्या चिकात. जपानी लाखकाम, म्हणजे ते काळे-तांबडे चकचकीत डबे आणि वाट्या, या चिकाने करतात. त्याची एक विचित्र खोड आहे: हा रंग उन्हात नीट वाळत नाही, दमट कपाटात ठेवला की कडक होतो. हिकोरोकुरो योशिदा यांनी १८८३ मध्ये दाखवलं की याचं कारण चिकातलाच एक पदार्थ आहे, तो उकळला की निकामी होतो आणि त्याला हवा आणि ओल दोन्ही लागतात. पुढे १८९० च्या दशकात फ्रान्सच्या गॅब्रिएल बर्त्रां यांनी त्याला लॅकेज नाव दिलं. या नावाचं मूळ लॅटिन ‘लाक्का’, आणि लाक्काचं मूळ आपली लाख, म्हणजे लाक्षा. खरं तर आपली लाख किड्यांची आणि जपानी लाख झाडाची, दोघींचा काडीचा संबंध नाही. शब्द मात्र आपल्याकडून फिरून तिकडे गेला.

आता खरा बिब्बा. ते जपानी झाड आंबा, काजू आणि बिब्ब्याच्या कुळातलं आहे. त्याच्या चिकातलं उरुशिऑल आणि बिब्ब्याच्या तेलातला दाहक पदार्थ यांची घडण जवळजवळ सारखी: बेंझिनची कडी, तिला दोन हायड्रॉक्सिल आणि मागे तेलकट शेपूट. म्हणजे दोन्ही फेनॉलच. बिब्बा उतलेल्या माणसाला फेनॉल किती जहाल असतात ते वेगळं सांगायला नको. माझी आजी पायात काटा मोडला की बिब्बा सुईला टोचून दिव्यावर धरायची आणि तेलाचा एकच थेंब नेमका जागेवर सोडायची. बाजूला ओघळला तर आठवडाभर फोड. आणि परटाने कपड्याच्या कोपऱ्यावर बिब्ब्याने केलेली खूण? टाकताना तपकिरी, हवेवर काळी, आणि कपडा फाटेपर्यंत न जाणारी.

ती खूण का जात नाही यात आपलं उत्तर दडलंय. हवेतला ऑक्सिजन मिळाला की फेनॉलचे सुटे रेणू एकमेकांना जोडले जातात, जोडून मोठे होतात, आणि मोठे झाले की विरघळत नाहीत. वांगं चिरून पाण्यात टाकलं नाही की काळं पडतं, तिथेही याच जातीचा खेळ चालू असतो, फक्त एन्झाइम लॅकेज नसून त्याचं भावंड असतं.

हात सुटलेला फेनॉल

लॅकेजच्या पोटात तांब्याचे चार अणू असतात. फेनॉलचा एक रेणू आला की लॅकेज त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतं. असे चार रेणूंचे चार इलेक्ट्रॉन जमले की ते ऑक्सिजनच्या एका रेणूला देऊन टाकतं आणि त्यातून पाण्याचे दोन रेणू होतात. लॅकेज पुन्हा रिकामं, पुढच्या गिऱ्हाइकाला तयार. या व्यवहारात कचरा काय उरतो? पाणी. रसायनशास्त्रात इतका स्वच्छ हिशेब क्वचित बघायला मिळतो.

इलेक्ट्रॉन गमावलेल्या फेनॉलला मात्र चैन पडत नाही. एक हात मोकळा राहिलेला असतो, आणि जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा तो समोर येईल त्याचा हात धरतो. समोर बहुतेक वेळा दुसरा तसाच फेनॉल असतो. दोघांची जोडी होते, जोडीला तिसरा मिळतो, चौथा मिळतो. पाणी गडद होत जातं. थोड्या वेळाने तळाशी चहाच्या चोथ्यासारखा बारीक तपकिरी गाळ दिसू लागतो.

म्हणजे विष पाण्यातून काढून टाकलेलं नसतं, ते तिथेच असतं. एकएकटे असताना जे पेशीच्या पडद्यातून बिनबोभाट शिरत होते ते आता एवढे जाड झालेत की दारातून आत मावत नाहीत. ‘डिटॉक्स’ हा शब्द ऐकला की आपल्याला काहीतरी धुऊन काढल्यासारखं वाटतं. इथे धुणं नाहीच. हातात हात गुंफून विषाची गाठोडी बांधली, बस.

हे उफराटं वाटेल. जी बुरशी लिग्निन फोडण्यासाठी प्रसिद्ध, तिचंच एन्झाइम फ्लास्कमध्ये उलट जोडण्याचं काम करतं. जंगलात बुरशीबरोबर दुसरी एन्झाइम आणि मदतनीस रेणू असतात, सुटलेले तुकडे ती हातोहात गिळतही असते. फ्लास्कमध्ये लॅकेज एकटं, आणि सुटे फेनॉल गर्दीने. तिथे जोडणीच होणार.

हा रंगबदल मी प्रत्यक्ष पाहिला तो कॉलेजात. आगरच्या थाळीत ग्वायाकॉल मिसळायचं (हाही फेनॉलच, वास थेट चुलीच्या धुराचा), मध्यभागी आंब्याच्या ओंडक्यावरून आणलेल्या बुरशीचा नखाएवढा तुकडा ठेवायचा आणि वाट बघायची. दोन-तीन दिवसांनी तुकड्याभोवती विटकरी रंगाचं कडं उमटलं. बुरशी अजून तिथवर पोचलीही नव्हती, तिचं एन्झाइम पुढे पोचलं होतं. आमच्या चार थाळ्यांपैकी दोन साध्या हिरव्या बुरशीने खाऊन टाकल्या आणि सरांची बोलणी खाल्ली ती वेगळी. पण ते कडं डोळ्यांसमोरून गेलेलं नाही.

लुंडमधला विलो

स्वीडनमध्ये शेतजमिनीवर विलोची लागवड करतात, इंधनासाठी. विलो म्हणजे क्रिकेटच्या बॅटीचं लाकूड ज्या कुळातलं, ते झाड. तीन-चार वर्षांनी कापलं की बुंध्यातून पुन्हा फुटतं. लुंड विद्यापीठातल्या लेइफ यॉन्सन, बेर्बेल हान-हेगरडाल आणि सहकाऱ्यांनी या विलोचं साखरपाणी घेतलं, त्यात ट्रॅमेटिस व्हर्सिकलरचं लॅकेज घातलं, आणि मग नेहमीचं बेकरीतलं यीस्ट सोडलं. १९९८ मध्ये निकाल प्रसिद्ध झाला. लॅकेज दिलेल्या पाण्यात यीस्टने ग्लुकोज भराभर संपवलं, इथेनॉल तयार होण्याचा कमाल वेग दुपटी-तिपटीने वाढला. लिग्निन पेरॉक्सिडेजनेही फायदा झाला.

वेग वाढला म्हणजे तेवढ्याच साखरेतून दुप्पट इथेनॉल निघालं असं नव्हे. साखरेचा हिशेब ठरलेला आहे, १०० ग्रॅम ग्लुकोजमधून फार तर ५१ ग्रॅम इथेनॉल निघू शकतं. पण डिस्टिलरीत काम केलेल्या कुणालाही विचारा, टाकी दोन दिवस अडकते की एक दिवस यावर कारखान्याचं गणित फिरतं.

मला मात्र या प्रयोगात वेगापेक्षा दुसरीच गोष्ट मोलाची वाटते. मघाशी झाडूबद्दल म्हटलं ते आठवा. चुना घातल्यावर फुरफुरालही कमी होतं, फेनॉलही कमी होतात, आणखीही काही बदलतं. मग यीस्ट खुश झालं ते कशामुळे? सांगता येत नाही. लॅकेज फुरफुरालकडे ढुंकून बघत नाही, ॲसिटिक ॲसिडला हात लावत नाही, साखरेला तर नाहीच नाही. ते फक्त फेनॉलना ओळखतं. त्यामुळे लॅकेज दिल्यावर यीस्ट कामाला लागलं, तर आजवर त्याला अडवणारे मुख्यतः फेनॉल होते हे आपोआप ठरलं. गावातल्या दहा संशयितांपैकी फक्त एकाला कोठडीत टाकलं आणि त्या रात्रीपासून चोऱ्या थांबल्या, असा तो पुरावा आहे. वजनाने पाहिलं तर संशय आधी आम्लांवर जातो, कारण ती ग्रॅमांनी असतात. फेनॉल त्या मानाने किरकोळ.

आणि गाठोडी बांधली जातात हे कशावरून? फेनॉलच्या कड्या अतिनील प्रकाश शोषतात, तेव्हा २८० नॅनोमीटरला किती प्रकाश अडतो यावरून त्यांचा अंदाज येतो. याच गटाने आधी ट्रायकोडर्मा रीसाय ही अख्खी बुरशी साखरपाण्यात वाढवून पाहिली होती. तिने हा आकडा सुमारे ३० टक्क्यांनी खाली आणला, म्हणजे तिने माल खाल्ला. लॅकेजने मात्र तो खाली आलाच नाही. कड्या तिथेच होत्या. पण सुटे फेनॉल शोधायला गेलं तर सापडेनात. मग ते गेले कुठे? एकमेकांत.

मग कारखान्यात लॅकेज का नाही?

उसाच्या चिपाडावर हाच प्रयोग हैदराबादच्या संशोधकांनी करून २००७ मध्ये मांडला. यीस्ट होतं कॅन्डिडा शेहाटी, पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मजीव संग्रहातलं, एनसीआयएम ३५०१ क्रमांकाचं. लॅकेजने एकूण फेनॉल ७७.५ टक्क्यांनी घटवले, सगळ्या उपायांत सर्वांत जास्त. फुरफुराल आणि ॲसिटिक ॲसिड जिथल्या तिथे. आता इथेनॉल बघा: नुसता पीएच सारखा केलेल्या पाण्यात दर ग्रॅम साखरेमागे ०.२२ ग्रॅम, चुना लावलेल्यात ०.३०, लॅकेजने ०.३७, कोळशाने ०.४२ आणि आयन-एक्स्चेंजने ०.४८. म्हणजे फेनॉल काढण्यात पहिलं आलेलं लॅकेज शेवटी तिसरं. इथे ॲसिड जरा तिखट वापरलं होतं, आणि ज्या दोघांनी बाजी मारली त्यांनी फेनॉलबरोबर फुरफुरालही उचललं होतं. जो नेमकेपणा शोधाच्या कामी आला तोच उपचाराच्या वेळी आडवा येतो. चोर एकच असेल तर लॅकेजसारखा हवालदार नाही. टोळी असेल तर बाकीचे मोकाट.

दुसरी अडचण हवेची. लॅकेजला ऑक्सिजन लागतो, आणि इथेनॉल करताना टाकीत हवा नको असते. म्हणजे आधी काही तास वेगळी टाकी, त्यात हवा फुंकायची, ढवळायचं. पीएचच्या बाबतीत मात्र दैव चांगलं: बुरशीच्या लॅकेजला ४ ते ५ च्या आसपास आवडतं, यीस्टलाही ५ चालतो.

तिसरी अडचण जरा अनपेक्षित. सगळं एकाच टाकीत उरकावं म्हणून स्पेनमधल्या संशोधकांनी वाफेने फोडलेल्या गव्हाच्या काडावर सेल्युलेजबरोबरच लॅकेजही घातलं. यीस्ट सुखावलं, पण ग्लुकोजच कमी सुटलं. फेनॉलची गाठोडी सेल्युलेजच्या कामात अडथळा आणतात असं त्यांना दिसलं. बिब्बा एकाच्या ताटातून काढला आणि दुसऱ्याच्या ताटात पडला.

आणि पैसा आहेच. लॅकेज दुर्मीळ नाही, जीन्स फिकट करायला १९९० च्या दशकापासून कपडा उद्योग ते वापरतो. पण एका जीन्सला मिळणारी किंमत आणि एक लिटर इथेनॉलची किंमत यांत फरक आहे. इंधनाच्या लिटरमागे रुपया-रुपया मोजणाऱ्याला पुन्हा एक एन्झाइम विकत घ्या सांगितलं तर तो आधी सेल्युलेजचं बिल पुढे करतो. त्यावर लुंडच्याच मंडळींनी एक नामी युक्ती काढली होती: ट्रॅमेटिसचं लॅकेज बनवणारं जनुक थेट यीस्टमध्येच घालायचं. २००१ मध्ये त्यांनी असं यीस्ट करून दाखवलं. ते कोनिफेरिल आल्डिहाइड असलेल्या पाण्यातही वाढलं आणि लाकडाच्या साखरपाण्यात साध्या यीस्टपेक्षा वेगाने इथेनॉल देऊ लागलं. पाहुणा स्वतःचा खानसामा घेऊन आला म्हणायचं.

आपल्याकडे पानिपतला १० ऑगस्ट २०२२ रोजी इंडियन ऑइलच्या कारखान्याचं उद्घाटन झालं. तिथे भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल काढतात, तंत्र पुण्याच्या प्राज कंपनीचं. पेंढा काय, चिपाड काय, ही गवताची कुळं. त्यांच्या लिंपणात फेरुलिक आणि कुमारिक ॲसिडसारखे फेनॉल असतात. चिपाडाचा प्रश्न महाराष्ट्रात आणखी वेगळा, कारण साखर कारखान्यात ते टाकाऊ नाहीच, बॉयलरमध्ये जळून वाफ आणि वीज देतं. अशा कारखान्यांचा सगळीकडचाच कल आधी लाकूड किंवा काड हलक्या हाताने फोडण्याकडे असतो, म्हणजे मुळात करपणं कमी. मग सोशिक यीस्ट निवडायचं, ते त्याच साखरपाण्याला सरावू द्यायचं, आणि टाकीत सुरुवातीलाच भरपूर सोडायचं.

फेनॉलपुरतं बोलायचं तर यॉन्सन पुढे स्वीडनच्या उत्तरेला उमेओ विद्यापीठात गेले, आणि त्यांच्या गटाने २०११ मध्ये एन्झाइम बाजूला ठेवून भलताच सोपा मार्ग दाखवला. सल्फाइट किंवा डायथायोनाइटसारखं मीठ थेट यीस्टच्याच टाकीत घालायचं. वेगळी टाकी नको, हवा नको, साखरेला धक्का नाही. सल्फाइट फेनॉलना जाड करत नाही, त्यांना पाण्याची इतकी ओढ लावतं की ते तेलकट पडद्याच्या वाटेला जातच नाहीत. आणि ज्या कागद गिरण्यांच्या शेजारी हे कारखाने उभे करायचं म्हणतात, तिथल्या गोदामात सल्फाइट बहुतेक वेळा आधीपासून पडलेलं असतं.